दुसरे मत, पण कोणाचे?

अंकुशनगर हे कारखान्याचे गाव. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले, ऊस वाढला आणि समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वस्ती जमली. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने या परिसराचे घड्याळ उसाच्या वाहनांवर चालते. या सगळ्या उलाढालीचा भार अगदी खरोखरीच माणसाच्या मानेवर असतो. ‘डोकी सेंटर’वर काम करणाऱ्या टोळीत उसाची बांधलेली मोळी डोक्यावर घ्यायची, पाचटातून वाट काढत वाहनापर्यंत न्यायची आणि टेकवलेल्या फळीवरून वर चढून टाकायची, हे काम दिवसभर चालते. मोळी सहज तीस-चाळीस किलो भरते. फळीवर पाऊल सरकले तर तोल सावरण्याचा सगळा झटका मानेच्या मणक्यांना बसतो.

अशी मान कधीतरी धरते. हाताला मुंग्या येतात, रात्री कुशीवर झोपवत नाही. मेडिकलवाल्याची गोळी होते, चोळून देणारा ‘नस चढली’ म्हणतो, गावातला डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गळ्यात पट्टा येतो. मुकादमाच्या ओळखीतला कोणी ‘मणक्यात गॅप असणार’ असे सांगून टाकतो. शेवटी जालना, बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून एमआरआय होतो. तिथला सर्जन काळ्या फिल्मवर बोट ठेवून ‘नस दबली आहे, ऑपरेशन करावे लागेल’ असे सांगतो. तोवर रुग्णाच्या पदरात निदान अर्धा डझन मते पडलेली असतात.

म्हणजे टंचाई मतांची नसते. ज्याला त्या शस्त्रक्रियेतून काही मिळवायचे नाही, ज्याने स्वतःच्या हाताने मान तपासली आहे आणि जो आपल्या निष्कर्षाची कारणे लिहून देईल, अशा जाणकाराचे मत मात्र मिळत नाही. ‘सेकंड ओपिनियन घ्या’ हा सल्ला शहरी मासिकांत आणि टीव्हीवरच्या आरोग्य-कार्यक्रमांत हमखास दिला जातो. पण तो रुग्णाच्या हुशारीवर आणि खिशावर सोडून दिलेला असतो. मणक्याच्या बाबतीत दुसरे मत ही रुग्णाची हौस समजणे चुकीचे आहे. तो उपचाराचाच टप्पा असायला हवा आणि तो उपलब्ध करून देण्याची जबाबदारी व्यवस्थेवर असायला हवी.

मणक्याच्याच बाबतीत हा आग्रह का, याचे पहिले कारण एमआरआयमध्ये आहे. जपानमध्ये मानेचे कोणतेही दुखणे नसलेल्या १,२११ जणांचा मानेचा एमआरआय काढण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती फुगलेली दिसली. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. कमरेच्या मणक्याचेही असेच. त्याच वर्षी ३३ अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक वेदनारहित लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ही सगळी माणसे धडधाकट होती. अहवालात ‘डिस्क बल्ज’ लिहून आले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे धरून चालणे किती धोक्याचे आहे हे एवढ्यावरून कळावे.

आणि अहवाल तरी एकसारखा येतो का? अमेरिकेत एका ६३ वर्षांच्या बाईंचा कंबरेचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर काढून घेण्यात आला. कंबर तीच, दुखणे तेच. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी निघाल्या आणि दहाही अहवालांत आलेली नोंद एकही नव्हती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकच बाई होती, हे खरे. पण आयुष्यभराची बचत मोडून ज्या कागदाच्या आधारे शस्त्रक्रियेला होकार द्यायचा, तो कागद किती डळमळीत असू शकतो हे त्याने दाखवून दिले.

दुसरे कारण म्हणजे मणक्याच्या बऱ्याच दुखण्यांना वेळ हेही औषध आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळात मानेतील नस दबून हात दुखणाऱ्या ५६१ रुग्णांची नोंद तपासली गेली. त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला शस्त्रक्रिया करावी लागली आणि शेवटच्या तपासणीपर्यंत ९० टक्के लोक एकतर पूर्ण बरे होते किंवा किरकोळ त्रासावर निभावत होते. नेदरलँड्समध्ये कमरेतली चकती सरकून पाय दुखणाऱ्या २८३ रुग्णांचे दोन गट करून एकाला लवकर शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला आधी गोळ्या, व्यायाम आणि वाट पाहणे असे उपचार दिले गेले. लवकर चाकू लागलेल्यांना आराम लवकर पडला, यात शंका नाही. दुसऱ्या गटातल्याही ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. २००७ च्या या अभ्यासावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. कोणाला ती लवकर हवी, कोण थांबू शकतो आणि थांबण्याची किंमत कोणाला परवडते, यावर विचार करायला जागा असते, एवढे मात्र ठरते. हंगामाची उचल घेतलेल्या मजुराला तीन महिने थांबणे परवडेल की नाही, हा हिशेब फिल्मवर दिसत नाही. कदाचित त्याला लवकर बरे करणारी शस्त्रक्रियाच योग्य असेल. पण तो निर्णय त्याच्याशी बोलून व्हावा.

अशी चर्चा करायला दुसऱ्या डॉक्टरांना बसवले तर काय होते, हेही पाहून झाले आहे. सिएटलमधील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात, बाहेरच्या सर्जनांनी कमरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवलेले १०० रुग्ण वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्रित बैठकीसमोर ठेवले गेले. त्यांपैकी ५८ जणांना बिनशस्त्रक्रियेचा मार्ग सुचवला गेला. साओ पाउलोमधील अल्बर्ट आइनस्टाइन रुग्णालयातही मणक्याची शस्त्रक्रिया सुचवलेल्या ४८५ रुग्णांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांना ती लागेल, असे दुसऱ्या पाहणीत ठरले. पहिले सर्जन सगळे लबाड होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सर्जनकडे गेलेल्या माणसाला सर्जनच्या हातातला उपाय सुचवला जाणे स्वाभाविक आहे. त्याच रुग्णाकडे मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ एकत्र बसून पाहतात तेव्हा प्रश्नच वेगळा विचारला जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसरे मत म्हणजे ‘ऑपरेशन टाळण्याची परवानगी’, असे अनेक रुग्णांना वाटते आणि जोवर कोणी ‘काही गरज नाही’ असे म्हणत नाही तोवर ते डॉक्टर बदलत राहतात. मानेच्या बाबतीत हे महागात पडू शकते. मानेतली एखादी नस दबणे वेगळे आणि मज्जारज्जूच दबणे वेगळे. मज्जारज्जू दबतो तेव्हा बऱ्याचदा मान फारशी दुखतही नाही. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात, भाकरी थापताना हात पूर्वीसारखा फिरत नाही, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटल्याचे कळत नाही. या दुखण्याचे निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे इस्रायलमधील एका पाहणीत दिसले. कोणाला मनगटातली नस दबल्याचे सांगितले जाते, कोणाला वयाचा परिणाम. अशा रुग्णाला दुसरे मत मिळाले तर ते बहुधा शस्त्रक्रिया लवकर करण्याच्या बाजूचे असेल.

आणि ते मिळवायला प्रत्येक वेळी महागडे यंत्रच लागते असे नाही. तपासणाऱ्याने रुग्णाचे मधले बोट सैल धरून त्याच्या नखावर टिचकी मारायची. अंगठा आपोआप आत वळला तर मज्जारज्जूवर दाब असल्याची शंका घ्यायची. मग रबरी हातोडीने कोपर, गुडघा आणि घोट्याजवळ ठोकून पाहायचे, तळपायावर टोकदार वस्तू ओढून अंगठा वर जातो का ते बघायचे, टाचेला पंजा लावून दहा पावले सरळ चालायला सांगायचे. टाचणी आणि कापसाच्या बोळ्याने हाताची बोटे तपासली की कोणती नस अडचणीत आहे याचा बराचसा अंदाज येतो. पंधरा मिनिटांचे काम आहे. गर्दीच्या ओपीडीत हीच पंधरा मिनिटे सापडत नाहीत. मग अंगाला हात न लावता फिल्म उजेडात धरून निकाल दिला जातो. ज्या दुसऱ्या मतात हे पंधरा मिनिटांचे काम झालेले नाही, ते पहिल्याच फिल्मचे पुन्हा एकदा केलेले वाचन ठरते.

मणक्याचा क्षय हा तर आपल्याकडचा खास धोका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि हाडांच्या क्षयात मणक्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, मावळलेली भूक हे कोणी विचारलेच नाही तर ‘गॅप’च्या नावाखाली महिनोन्महिने इंजेक्शने घेतली जातात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या औषधांनी बरा होऊ शकणारा आजार तोवर मणका पोखरून टाकतो. उलट काही वेळा दुसऱ्या मतासाठी थांबायचेच नसते. लघवी अचानक तुंबली, जांघेचा आणि बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला, पाय झपाट्याने लुळे पडू लागले, तर ती तातडीची वेळ असते. फाइल घेऊन शहरे पालथी घालण्यात तास गेले तर ते पुन्हा मिळत नाहीत.

हे सगळे वैद्यकशास्त्राचे झाले. मराठवाड्यात या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती ऊसतोडीच्याच फडात लख्ख दिसलेली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या अनेकींची तक्रार पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून जाणे अशी होती. कॅन्सर होईल ही भीती, खाडा पडला की कापला जाणारा पैसा आणि ‘काढूनच टाका’ हा सल्ला एकत्र आले. यातल्या किती कंबरा खरे तर मोळ्यांच्या ओझ्याने दुखत होत्या, हे कोणी तपासले असते तर? या महिलांनाही सल्ला देणारे भरपूर होते. सासू होती, शेजारीण होती, मुकादम होता. मोकळेपणाने ‘थांबा’ म्हणू शकेल असा, पैशाचा संबंध नसलेला डॉक्टर मात्र वाटेत कुठेच नव्हता.

त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले गेले. म्हणजे उशिराने का होईना, दुसरे मत व्यवस्थेने आपल्या अंगावर घेतले. ही पद्धत आदर्श आहे असे नाही. परवानगीचा कागद शिक्क्यापुरताही उरू शकतो. पण रुग्णाने स्वतः धाडस करून डॉक्टरला प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा सोडून देऊन नियमच तसा केला गेला, हे महत्त्वाचे. ज्या बाईने डॉक्टरसमोर खुर्चीवर बसायलाही संकोच करायचा, तिने ‘मला दुसऱ्यांना दाखवायचे आहे’ असे म्हणावे ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे.

पैशाच्या साखळीबद्दल वैद्यकीय क्षेत्रातूनच बोलले गेले आहे. लासलगावसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे प्रॅक्टिस केलेले डॉ. अरुण गद्रे आणि पुण्याच्या ‘साथी’ संस्थेचे डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींतून अनावश्यक तपासण्या, कमिशन आणि कॉर्पोरेट रुग्णालयांतली टार्गेट्स यांचे चित्र मांडले. २०१७ मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा आशयाचे फलक लावले, तेव्हा व्यवसायातूनच गदारोळ उठला. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो कायदा झाला नाही. आता एखाद्या गावातला डॉक्टर ज्या एमआरआय केंद्राची चिठ्ठी देतो, ते केंद्र ज्या सर्जनचे नाव सुचवते, त्या सर्जनच्या ओळखीतल्याच दुसऱ्या सर्जनकडे रुग्ण गेला, तर त्याला दोन मते मिळाली असे म्हणायचे का?

बहुसंख्य डॉक्टर प्रामाणिक आहेत, असे यावर उत्तर येईल. ते खरेही आहे. पण प्रामाणिक डॉक्टरला दुसऱ्या मताचा अडसर कशासाठी वाटावा? त्याचे निदान योग्य असेल तर दुसऱ्याच्या सहीने ते पक्केच होईल. खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. तज्ज्ञ आधीच कमी, त्यात प्रत्येक रुग्णाने दोघांना दाखवायचे म्हटले तर रांगा दुप्पट होतील. शिवाय दोघांनी परस्परविरुद्ध सांगितले तर बिचाऱ्या रुग्णाने करायचे काय?

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की निकालांची तुलना करायची नसते, कारणांची करायची असते. दुखणे नेमक्या कोणत्या नसेचे आहे, तपासणीत काय आढळले, ते एमआरआयशी जुळते का, शस्त्रक्रियेने काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही, ती केली नाही तर सहा महिन्यांत काय होऊ शकेल, या प्रश्नांची उत्तरे दोन्ही डॉक्टरांनी लिहून दिली तर मतभेद कुठे आहे हे गावातल्या सुशिक्षित पोरालाही दिसू शकते. तोंडी ‘करून घ्या’ आणि तोंडी ‘करू नका’ यांच्यात मात्र निवड करता येत नाही.

पहिल्या शंकेसाठी जर्मनीकडे पाहता येईल. तिथे २०१५ च्या कायद्याने आरोग्यविमा असलेल्या रुग्णांना ठरावीक नियोजित शस्त्रक्रियांआधी विम्याच्या खर्चाने दुसरे मत घेण्याचा हक्क दिला. सगळ्याच शस्त्रक्रियांना नव्हे; जिथे गरजेपेक्षा जास्त शस्त्रक्रिया होण्याचा धोका आहे अशांनाच. सुरुवातीच्या यादीत गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होती आणि पुढे मणक्याच्या शस्त्रक्रियाही तीत आल्या. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला या हक्काची माहिती निदान दहा दिवस आधी द्यायची असते. दुसरे मत देणाऱ्याने ती शस्त्रक्रिया स्वतः करायची नाही, ही त्यातली सर्वात शहाणपणाची अट. बीडच्या फडात आणि बर्लिनच्या दवाखान्यात धोक्याच्या त्याच दोन जागा सापडाव्यात, हे विचार करायला लावणारे आहे.

आपल्याकडे कागदावर बरेच काही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की संमती घेताना उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितलेच पाहिजेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्क स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. तेव्हा आरोग्यमंत्री होते राजेश टोपे. अंकुशनगरचा कारखाना आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या अंकुशराव टोपे यांचे ते चिरंजीव. म्हणजे नियम याच मातीशी नाते सांगणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत झाला. पण भिंतीवरची सनद वाचून कोणी मान तपासायला येत नाही.

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेआधी पूर्वमंजुरी लागते. ती कागदपत्रांवर मिळते. रुग्णाच्या बोटाला टिचकी मारून पाहणारा तिथे कोणी नसतो. याच टप्प्यावर नियोजित मणका-शस्त्रक्रियेसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून लेखी मत देण्याची तरतूद जोडता येईल. संभाजीनगरला ‘घाटी’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तातडीच्या रुग्णांना यातून वगळावे, आणि ठरावीक दिवसांत मत आले नाही तर पहिल्या डॉक्टरचा सल्ला ग्राह्य धरावा, म्हणजे रांगेच्या नावाने कोणाचे नुकसान होणार नाही. हंगामात कारखान्यावर आठवड्यातून एकदा अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बसले, तर बरीचशी दुखणी एमआरआयपर्यंत जाणारही नाहीत आणि मज्जारज्जू दबलेला एखादा रुग्ण वेळेत शस्त्रक्रियेपर्यंत पोचेल.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इथे तरी फार अवघड नाही. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात पाच लाख टन ऊस गाळला तर त्याच्या वाट्याचे पन्नास लाख होतात आणि सरकारचे तेवढेच. आठवड्याला एका तज्ज्ञाचे आणि एका फिजिओथेरपिस्टचे मानधन, तपासणीची एक खोली आणि घाटीपर्यंत जाण्या-येण्याचे भाडे यांना त्यातला छोटासा हिस्सा पुरेल. हा हिस्सा मानेसाठी आणि पाठीसाठी वेगळा काढून ठेवावा, एवढी मागणी कारखान्यांशी होणाऱ्या पुढच्या करारात टोळ्यांच्या संघटनांनी आपल्या दरवाढीच्या मागणीशेजारी लिहायला हरकत नाही.